कुत्र्याचा वांटा आणि कुत्र्याचा आहार

नगर जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद नांवाचें ठिकाण आहे. इ. स. १९७४ सालीं तेथें एका शेतकऱ्यास झाडाचें मूळ खणतांना काशाच्या चार ओतीव मूर्ती सांपडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जोडलेला एक रथ. चारींचें वजन मिळून ६० किलोंहून अधिक भरलें. रथांत एक पुरुष उभा आहे, आणि त्याच्या पुढें, रथाच्या दांडीवर, एक कुत्रें उभें आहे. या मूर्तींच्या काळाविषयीं पंडितांत एकमत नाहीं. पुष्कळ जण त्या सुमारें ४००० वर्षांपूर्वींच्या मानितात. काळ कोणताहि ठरो, ज्या कारागिरानें हा रथ ओतला त्यास कुत्र्यावांचून ती स्वारी पुरी वाटली नाहीं एवढें खरें.

रथाला बैल लागतात, हांकणारा लागतो. कुत्रें कांहीं लागत नाहीं. तरी तें तेथें आहे. इतक्या जुन्या सोबत्यास आम्ही काय खाऊं घातलें, त्याच्या लहानपणीं काय, भर वयांत काय, म्हातारपणीं काय, हा विषय क्षुद्र समजून इतिहासकारांनीं बहुधा वाटेवरच सोडून दिला आहे. राजेलोकांच्या पंक्तींचीं वर्णनें हवीं तेवढीं मिळतील. कुत्र्याच्या पुढ्यांत काय पडलें हें पाहावयाचें तर आडवाटेनेंच जावें लागतें.

त्या आडवाटेवर पहिला ठळक आंकडा भेटतो तो कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत. शतकानुशतकें लुप्तप्राय झालेला हा ग्रंथ म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला. त्यांत राजाच्या कोठारांतून कोणास किती शिधा द्यावा याचा तपशील आहे. पुरुषाला जो शिधा, त्याचा पाऊण हिस्सा स्त्रीला व निम्मा मुलाला, असें माणसांचें प्रमाण लावून झाल्यावर ग्रंथकार जनावरांकडे वळतो, आणि कुत्र्यास एक प्रस्थ भात ठरवून देतो. हंस, क्रौंच व मोर यांस अर्धा प्रस्थ. माणसाच्या मुलाचें पोट लहान, हें ज्या कोष्टकांत लक्षांत ठेविलें आहे, त्याच कोष्टकांत कुत्र्याच्या पिलाचा निराळा उल्लेख नाहीं. गाभण कुत्री, व्यालेली कुत्री, दांत पडलेलें म्हातारें कुत्रें, सगळ्यांस मिळून एकच प्रस्थ.

हें केवळ ग्रंथकाराच्या संक्षेपप्रियतेमुळें झालें असें म्हणावें, तर त्याच ग्रंथांतील अश्वाध्यक्षाचें प्रकरण उघडून पाहावें. घोडी व्याली कीं पहिले तीन दिवस तिला प्रस्थभर तूप पाजावें. पुढें दहा दिवस सातूचें पीठ आणि औषधी स्नेह द्यावा. शिंगरूं दहा दिवसांचें झालें कीं त्यास कुडवभर पीठ, त्याच्या चतुर्थांश तूप, व प्रस्थभर दूध सुरू करावें. सहा महिन्यांपर्यंत असें चालवून मग जवाचें प्रमाण महिन्यागणिक वाढवीत न्यावें, तें तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत. आजचा एखादा पशुवैद्य याहून निराळी रीत काय सांगेल? वयाप्रमाणें आहार ही कल्पना आमच्या पूर्वजांस ठाऊक नव्हती असें नाहीं. ती त्यांनीं घोड्यासाठीं राखून ठेविली होती. घोडा मेला तर खजिन्यास खोट बसे. कुत्रें मेलें तर दुसरें कुत्रें आपण होऊन दारीं येई.

मग कुत्र्यास काय मिळालें? त्यास वांटा मिळाला. हा शब्द आम्ही जाणून वापरीत आहों. गृहस्थानें वैश्वदेव करून स्वतः जेवण्यापूर्वीं कुत्र्यासाठीं व कावळ्यासाठीं अन्न बाजूस काढावें, हा स्मृतींनीं घालून दिलेला नियम आहे. महालयांत गाय, कावळा आणि कुत्रा यांचे घांस निराळे ठेवण्याची चाल अजूनहि कित्येक घरांतून पाळिली जाते. खंडोबाच्या उपासनेंत तर कुत्र्याचा मान याहून मोठा. पारनेर तालुक्यांत पिंपळगांव रोठा येथें कोरठण खंडोबाचें प्रसिद्ध स्थान आहे; या देवाचे वाघ्ये स्वतःस त्याचीं कुत्रीं म्हणवितात व कोटंब्यांत भिक्षा घेतात. चंपाषष्ठीस वांग्याचें भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य होतो व त्यांतला घांस कुत्र्यांस घालितात. चातुर्मासांत वर्ज्य असलेला कांदा-लसूण पुष्कळ घरीं या दिवसापासून सुटतो, आणि भरितांत तो सढळ हातानें पडतो. आतां गंमत अशी कीं, कांदा आणि लसूण हे कुत्र्याच्या व मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडणारे पदार्थ आहेत, हें पशुवैद्यकानें निःसंशय ठरविलें आहे. एका घांसानें मोठें कुत्रें मरत नाहीं. तरी ज्याला देवाचा सोबती म्हणून घांस द्यावयाचा त्याचा घांस कांदा घालण्यापूर्वीं काढून ठेवावा, इतका फेरफार खंडोबास खचितच चालेल.

दातृत्वाची ही परंपरा लहान नव्हे. जामखेड तालुक्यांतील चौंडी हें अहल्याबाई होळकरांचें जन्मगांव, व आतां साऱ्या जिल्ह्यास त्यांचें नांव दिलें गेलें आहे. सर जॉन माल्कम यानें त्यांच्या दानधर्माविषयीं जें लिहून ठेविलें त्यांत पक्षी, पशू व मासे यांचाहि समावेश आहे; पिकांवरून हुसकून लावलेल्या पांखरांना चरावयास मिळावें म्हणून बाईंनीं उभीं शेतें विकत घेऊन सोडिलीं, असें तो सांगतो. शिर्डीस साईबाबा १९१८ सालीं निवर्तले. त्यांचें दाभोळकरकृत चरित्र, श्रीसाईसच्चरित, १९३० सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत एका बाईनें जेवणाच्या वेळीं भुकेल्या कुत्र्यास भाकरीचा तुकडा टाकला आणि बाबांनीं तो मलाच पोंचला असें तिला सांगितलें, ही कथा आहे. हिंवतापानें पछाडलेल्या एका शिंप्यास, लक्ष्मीच्या देवळापाशीं काळ्या कुत्र्याला दहींभात घाल, असें सांगितल्याची दुसरी एक कथा आहे. या कथांचा महाराष्ट्राच्या मनावर किती खोल परिणाम झाला आहे, हें शिर्डीच्या रस्त्यांवरील कुत्र्यांकडे पाहिलें तरी कळतें.

परंतु या सर्व उदाहरणांत लक्ष देणाऱ्याकडे आहे. घांस कोणी दिला, कोणत्या तिथीस दिला, त्यानें कोणता ताप उतरला किंवा कोणतें पुण्य जोडलें, हें सांगितलेलें असतें. घेणारें कुत्रें किती महिन्यांचें होतें, त्याच्या मागें किती पिलें होतीं, हें कोणी विचारीत नाहीं. दान हें दात्याच्या बाजूनें मोजावयाचें, आहार हा खाणाऱ्याच्या बाजूनें. आम्ही कुत्र्यास शतकानुशतकें दान दिलें.

आमच्याच शेजाऱ्यांत एक समाज असा आहे कीं ज्याच्या धर्मग्रंथानें कुत्र्याचा विचार दुसऱ्या अंगानें केला. पारशांच्या वंदिदादचे तेरावें व पंधरावें हे दोन फर्गर्द या दृष्टीनें वाचण्यासारखे आहेत. दूध, चरबी आणि मांस हें कुत्र्याचें योग्य अन्न, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. मेंढपाळाचें कुत्रें, घर राखणारें कुत्रें, कोंवळें पोरवयाचें कुत्रें, यांस वाईट अन्न घालणें हा अपराध असून तो निरनिराळ्या दर्जाच्या माणसांस वाईट अन्न वाढण्याइतका गणला आहे. फार कठीण हाड किंवा फार कढत अन्न घालूं नये, कारण हाड दांतांत वा घशांत अडकतें आणि कढतानें जीभ पोळते. गाभण कुत्री ज्याच्या आवारांत येऊन पडेल त्यानें तिची व तिच्या पिलांची काळजी घ्यावी. किती दिवस? तर पिलें दोन वेळां सात घरांभोंवतीं फिरून येऊं लागेपर्यंत. पिलांना सहा महिने सांभाळावें, मुलांना सात वर्षें. वयाचा हिशेब कुत्र्याला लावणारें असें वचन आम्हांस आमच्या स्मृतींत कोठें आढळलें नाहीं, हें प्रांजळपणें नमूद केलें पाहिजे.

ही नुसती पोथींतली गोष्ट राहिली नव्हती. १८३२ च्या जून महिन्यांत मुंबई सरकारनें भटकीं कुत्रीं मारण्याची मोहीम चालविली, आणि दर कुत्र्यामागें आठ आणे इनाम असल्यामुळें शिपाई घरांतलींहि कुत्रीं ओढूं लागले, तेव्हां मुंबईचे पारशी दंगा करून उठले व शहराचा बाजार बंद पडला. दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. एक पारशी व एक जैन, दोघे मिळून मुक्या जनावरांसाठीं जागा घेतात, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासांत एरवीं जितक्या थोडक्यांत उरकतात तितक्या थोडक्यांत उरकण्यासारखी नाहीं; पण येथें आम्हांलाहि तेंच करणें भाग आहे.

येथें कोणी असें विचारील कीं, वयाचा विचार न करितां नुसता तुकडा टाकून जर चार हजार वर्षें कुत्रीं जगलीं, तर आतां हा उपद्व्याप कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर असें कीं, तो तुकडा हा कुत्र्याचा संपूर्ण आहार कधींच नव्हता. पारनेर-संगमनेरच्या माळांवर धनगराच्या वाड्याबरोबर फिरणारें कुत्रें बाजरीच्या भाकरीवर वाढतें खरें. परंतु मेंढी व्याली कीं पडलेला जार त्याचा, मेलेल्या कोंकराचा वांटा त्याचा, आणि वाटेंत सांपडलेला ससा-उंदीरहि त्याचाच. गांवच्या कुत्र्यास उकिरडा होता, खाटकाचा कोपरा होता. भाकरीनें पोट भरे. बाकीचें तें स्वतः मिळवी.

भाकरी पचविण्याची शक्ति मात्र त्याच्या अंगीं आहे, आणि ती माणसाच्या सहवासानेंच आलेली आहे. २०१३ सालीं स्वीडनमधील उप्साला येथील शास्त्रज्ञांनीं लांडगा आणि कुत्रा यांची आनुवंशिक तुलना प्रसिद्ध केली. तींत पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षां कुत्र्यांत कितीतरी अधिक आढळल्या. कौटिल्याचा प्रस्थभर भात आणि धनगराची भाकरी यांना शास्त्राचा हा एक आधार मिळाला. पण नुसत्या भाकरीवर ठेविल्यास काय होतें, हेंहि शास्त्रानें पाहिलें आहे, व तेंहि आमच्याच दख्खनच्या ज्वारीवर. हैदराबादच्या पोषण-संशोधन संस्थेंत बेलवाडी आणि गोपालन् यांनीं १९६५ सालीं असें दाखविलें कीं, ज्वारीच्या आहारावर ठेविलेल्या कुत्र्यांना काळी जीभ हा रोग होतो. हा रोग म्हणजे माणसांतील पेलाग्राचाच भाऊबंद. निकोटिनिक आम्लानें तो बरा होतो हें अमेरिकेंत एल्व्हेजेम यानें १९३७ सालीं सिद्ध केलें होतें. ज्वारींतील कोणता दोष याला कारण, याविषयीं पुढें पुष्कळ वाद झाला. आम्हां ज्वारीच्या मुलखांतल्या लोकांस त्यांतलें घेण्यासारखें इतकें कीं, चतकोर भाकरी हा कुत्र्याचा वांटा होऊं शकतो, तिचाच आहार करूं गेल्यास जीभ काळी पडते.

पिलांची गोष्ट याहून नाजूक. लंडनमध्यें एडवर्ड मेलन्बी यानें १९१९ च्या सुमारास कुत्र्याचीं पिलें घरांत कोंडून ओटाचें पीठ, भात, पाव व थोडें दूध अशा अन्नावर वाढविलीं. त्यांचीं हाडें वांकलीं, म्हणजे त्यांना मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचें तेल दिल्यावर तीं सुधारलीं. या प्रयोगांतूनच पुढें ‘ड’ जीवनसत्त्वाचा शोध लागला, आणि असंख्य मानवी मुलांचीं हाडें सरळ राहिलीं. मुलांना त्याचा लाभ झाला तसा पिलांना मात्र आमच्या घरांतून अजून व्हावयाचा आहे. पिलूं उन्हांत बसविलें कीं झालें, असा एक समज आहे. माणसाच्या कातडीला तें साधतें, कुत्र्यामांजरांच्या कातडीला पुरेसें साधत नाहीं. त्यांना तें सत्त्व अन्नांतूनच मिळावें लागतें.

दुधाविषयींचा गैरसमज त्याहूनहि सार्वत्रिक. पोरकें पिलूं घरीं आणलें म्हणजे दयाळू गृहिणी वाटीभर गाईच्या दुधांत वाटीभर पाणी घालून त्याच्यापुढें ठेविते, दूध जड पडूं नये म्हणून. कुत्रीच्या दुधांत प्रथिनें व स्निग्धांश हे दोन्ही गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात. तेव्हां पाणी घातलेल्या त्या वाटींतून पिलाला त्याच्या आईच्या दुधाचा चौथा हिस्सा सुद्धां धड मिळत नाहीं. पोट टम्म दिसतें आणि आंत उपासमार चालते. पिलूं तीन-चार आठवड्यांचें झालें कीं त्यास मऊ, ओलसर अन्न चाटवावयास लागावें. सहा ते आठ आठवड्यांत तें आईपासून तुटतें. या वेळीं वजनाच्या मानानें त्याची भूक मोठ्या कुत्र्याच्या सुमारें दुप्पट असते, पण पोट वाटीएवढें. म्हणून दिवसांतून तीन-चार वेळां थोडें थोडें. भाताबरोबर अंडें, मांस किंवा मासळी हवी. नुसतें मांसहि चालत नाहीं, कारण त्यांत चुना अत्यल्प असतो व पिलाच्या हाडांतला चुना शरीर काढून घेऊं लागतें. उलट मोठ्या जातीच्या पिलास चुन्याच्या गोळ्या मुठीनें चारल्या तर हाडें वेडींवांकडीं वाढतात. सर्व वयांना पुरेसा ठरलेला तयार आहार बाजारांत मिळतो. तो घेणाऱ्यानें पिशवीवर पिलांसाठीं कीं मोठ्यांसाठीं एवढें वाचून घ्यावें. तो परवडत नाहीं त्यानें पशुवैद्यास विचारून घरचें प्रमाण ठरवावें.

सर्वांत अधिक उपेक्षा होते ती व्यालेल्या कुत्रीची. नऊ आठवडे ती गाभण राहते, आणि शेवटच्या तीन आठवड्यांत तिची भूक वाढत जाते. पण खरा भार बाळंतपणानंतरचा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत, पिलांच्या संख्येप्रमाणें, तिला नेहमीच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत अन्न लागतें. कौटिल्यानें घोडीस तूप लिहून ठेविलें. आमच्या आळींतल्या कुत्रीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी तिची अवस्था होते, आणि लोक म्हणतात, पिलांनीं तिला खाल्ली. पिलांनीं काय करावें? म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल फार लिहीत नाहीं. हालचाल कमी झाली कीं अन्न थोडें कमी करावें, लठ्ठ होऊं देऊं नये. मात्र वय झालें म्हणून मांस-अंडीं बंद करून त्यास वरणभातावर आणणें, हा माणसांचा वानप्रस्थ कुत्र्यावर लादण्याचा प्रकार होय. मूत्रपिंडाचा विकार असेल तर गोष्ट वेगळी, आणि ती वैद्यानें ठरवावयाची.

मांजराचा इतिहास याच मासल्याचा, परंतु अधिक विनोदी. मराठी घरांत मांजर दूधभातावर जगतें अशी सर्वांची प्रामाणिक समजूत. शुद्ध शाकाहारी घरांतलें मांजर गुबगुबीत असे, तेंहि पुराव्यादाखल दाखविलें जाई. परंतु त्या मांजरास ठेविलें होतें कशासाठीं? कणग्यांतल्या धान्यासाठीं. अमरावतीचे सिव्हिल सर्जन ब्यूकॅनन यांनीं प्लेगच्या दिवसांत, १९०८ च्या सुमारास, उंदरांवर उपाय म्हणून घरोघर मांजरें पाळण्याचा पुरस्कार केला होता. दूधभात ही त्या नोकराची बक्षिशी होती. पगार त्याला उंदरांतून मिळे. मांजराला टॉरिन म्हणून एक द्रव्य मांसांतूनच मिळवावें लागतें. तें न मिळाल्यास डोळ्याचा पडदा झिजून तें आंधळें होतें, हें १९७५ सालीं उघडकीस आलें. त्याच उणिवेनें त्याचें हृदय फुगतें, हें १९८७ सालीं कळलें. आतां कणग्या गेल्या, वाडे गेले, मांजर तिसऱ्या मजल्यावरील बंद घरांत राहिलें, उंदीर दिसेनासा झाला, आणि दूधभात तेवढा राहिला. पगार बंद करून बक्षिशीवर संसार करावयास लावावा, तसें हें झालें आहे. शिवाय वाढलेल्या मांजरास गाईचें दूध बहुधा पचतहि नाहीं. मांजरास मांस वा मासळी द्यावयाची ज्या घराची तयारी नाहीं, त्या घरानें मांजर कोंडून पाळूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. कुत्र्याच्या बाबतींत तडजोड होऊं शकते. मांजराच्या बाबतींत निसर्गानें ती ठेविली नाहीं. कुत्र्यासाठीं आणलेलें अन्नहि मांजराला पुरत नाहीं.

कुत्र्याचा प्रश्न घराच्या आंत संपत नाहीं, कारण आमचीं बहुतेक कुत्रीं घराच्या आंत नाहींतच. तीं आळीचीं आहेत. सर्वांच्या तुकड्यांवर जगणारीं व कोणाचींच नसणारीं. केंद्र सरकारनें २०२३ सालीं केलेल्या नियमांत अशा कुत्र्यांस खाऊं घालण्याच्या जागा ठरवाव्या, त्या मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणांपासून व जिन्यांपासून दूर असाव्या, अशी व्यवस्था सांगितली आहे. निर्बीजीकरण आणि लस यांचीहि तजवीज त्यांत आहे, व तीच अधिक महत्त्वाची. कारण खाऊं घातलेली कुत्री वर्षांत दोन वेळां विऊं शकते, आणि त्या पिलांना सहा महिने सांभाळणारा कोणी नसतो.

त्या पिलांचें पुढें काय होतें याचा एक हिशेब आमच्या जिल्ह्यांतच झालेला आहे. अकोले तालुक्याच्या बागाईत भागांत, जेथें उंसांतून बिबटे राहतात, तेथें विद्या अथ्रेया आणि त्यांचे सहकारी यांनीं बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला व तो अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध केला. बिबट्याच्या अन्नापैकीं वजनानें ८७ टक्के अन्न पाळीव जनावरांचें निघालें, आणि त्यांत सर्वांत मोठा भाग, ३९ टक्के, एकट्या कुत्र्यांचा होता. त्या भागांत शेळ्या कुत्र्यांच्या सातपट आहेत. तरी शेळीचा भाग ११ टक्केच भरला. शेळीला तिन्हीसांजेस कोणीतरी हांक मारून आंत घेतें व दाराला कडी लावितें. कुत्र्यास रात्रीं उष्टें घालितात, आणि तें खाऊन झाल्यावर उंसाच्या बांधाकडे निघून जातें.